बारा पॉइंट एक

पहाटेचे चार. छोट्या पडद्यावर हिरवा आकडा:
बारा पॉइंट एक.
ग्वाल्हेरच्या मेळा मैदानाच्या मागच्या भिंतीला
आमची गाडी टेकून उभी आहे, काचा आतून ओल्या.
बाहेर धुकं असं, की आकाशपाळणा कुणी पुसूनच टाकलाय,
टोकाचा लाल दिवा तेवढा पुसायचा राहिला.

तीन दिवस ऊन नाही.
छतावरची पॅनलं दिवसभर राखाडी आभाळ चघळतात
आणि संध्याकाळी हातावर ठेवतात
पाच टक्के.

बिजलीघरात एकतीस वर्षं मी लोकांची बिलं काढली.
दौलतगंज, मुरार, छावणी,
सगळ्यांचे मीटर या बोटांखालून गेले.
लोक म्हणायचे, बाई, एवढी युनिटं आम्ही जाळलीच नाहीत.
मी म्हणायचे, मीटर खोटं बोलत नाही.
आता रोज रात्री तेच वाक्य मी मलाच सांगते
आणि मीच भांडायला उठते.

मे महिन्यात सगळं उलटं होतं.
सेहेचाळीस अंशांत पत्र्याचा तवा,
बॅटरी अकरालाच तुडुंब,
आणि रात्रभर फ्रीज, पंखा, पुन्हा पंखा.
फ्रीजमध्ये दिगंबरचं इन्सुलिन, अर्धं लिंबू.
आता फ्रीज बंद.
इन्सुलिन माझ्या उशाशी, लोकरीच्या मोज्यात.

डिझेलचा हीटर तसा गुणी आहे,
एकदा पेटला की फार मागत नाही.
पण पेटताना दहा अँपिअरचा घास लागतो त्याला,
आणि तेवढा घास आज ताटात आहे की नाही
ते मला माहीत नाही.

दिगंबरनं संध्याकाळीच आपली रजई काढून
बॅटरीच्या पेटीभोवती गुंडाळली.
लिथियमला गारठा सोसत नाही म्हणे,
दुकानदारानं त्याला बजावलंय.
"ती गारठली तर आपण दोघंही गेलो."
आणि स्वतः माझा ऑफिसातला जुना स्वेटर घालून
गुडघे पोटाशी.
लग्नाला सदतीस वर्षं झाली.
मला कधी असं गुंडाळलं होतं?
विचारलं नाही.
तोंड उघडलं की वाफ जाते.

तेवढ्यात दारावर टकटक.
मेळ्याचा चौकीदार, भदौरिया. मफलरमधून नुसते डोळे.
"बाईसाब, भिंडला पोरीला कळा सुरू झाल्यात,
आणि हा मेला ऐन वेळी."
तळहातावर काळा पडलेला फोन,
पाखरू धरावं तसा.

दिगंबरनं माझ्याकडे पाहिलं, मी आकड्याकडे.
फोन खातो तो काय, चिमूटभर.
पण इतक्या तळाशी
चिमटीचाही हिशेब मी मांडते, सवय आहे.
मांडला. आणि पिन लावली.

तो आत यायला तयार नव्हता.
मग आला, बूट बाहेर काढून,
दाराशीच उकिडवा बसला.
कुणी काही बोललं नाही.
फोनच्या पडद्यावर एक टक्का उजळला, मग दोन.
आम्ही तिघं त्याच्याकडे असे पाहत होतो
जणू तोच शेक देत होता.

सातव्या टक्क्याला फोन वाजला
आणि तो अनवाणीच धुक्यात पळाला.
बोलणं ऐकू आलं नाही.
आधी मोठा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही.

परतला तेव्हा हातात गोणपाटात दोन विटा,
त्याच्या शेकोटीतल्या, आतून तापलेल्या.
"पायाशी ठेवा," एवढंच म्हणाला.
मुलगा की मुलगी, की अजून काहीच नाही,
विचारायच्या आत
बूट घालून गेलासुद्धा.

आकडा: बारा पॉइंट शून्य.
बाहेर उजाडतंय, म्हणजे काळं जाऊन पांढरं आलंय.
पाय इतक्या दिवसांनी माझे वाटले.
दिगंबरनं हळूच, मी झोपलेय असं समजून,
एक वीट बॅटरीच्या पेटीकडे सरकवली.

मी ती पायानंच
परत ओढून घेतली.